वेदीपाशी खुर्ची

रावेर तालुक्यात अनोळखी माणसाची विचारपूस करताना त्याचे गाव, भाऊबंद आणि शेतजमीन यांची चौकशी आटोपली की पुढचा प्रश्न मुलाबाळांचा येतो. आणि मुले नाहीत असे उत्तर मिळाले म्हणजे विचारणाऱ्याच्या मुद्रेवर जी चिंता उमटते ती वंश खुंटल्याची कमी आणि ‘म्हातारपणी पाहील कोण?’ याची अधिक असते. घड उतरला की केळीचे मूळ झाड तोडून टाकावे आणि त्याच्या बुडाशी वाढलेल्या पिलाकडे पुढचा हंगाम सोपवावा, हा क्रम ज्या मुलखात उभ्या आयुष्यभर पाहिला जातो, त्या मुलखातील माणसाला वार्धक्याची निराळी व्यवस्था सहसा सुचत नाही. त्यामुळे ज्याने तरुणपणीच बुद्धिपुरस्सर आपल्या बुडाशी पील येऊ दिले नाही, असा कॅथलिक धर्मगुरू म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते, याविषयी आमच्याकडे कुतूहल असले तरी माहिती थोडी. भुसावळास रेल्वेच्या वस्तीबरोबर ख्रिस्ती देवळे आली. जळगाव-धुळे हे जिल्हे कॅथलिक कारभारात नाशिकच्या धर्मप्रांतात मोडतात, आणि तो धर्मप्रांतही १९८७ सालचा. पांढऱ्या झग्यातील पाद्री आम्ही पाहतो तो बहुधा फलाटावर किंवा शाळेच्या दारात, आणि तोही हिंडता-फिरता. आजारी पाद्री आमच्या दृष्टीस पडत नाही.

तो अवघ्या महाराष्ट्राच्या दृष्टीस पडला जानेवारी २०२० मध्ये. उस्मानाबादेस भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या हाती मराठी सारस्वताचे हे मानाचे पद जाणार म्हणून काही मंडळींनी बराच गदारोळ केला, धमकीचे दूरध्वनीसुद्धा झाले. आणि प्रत्यक्ष संमेलनात ज्याचे दर्शन घडले तो होता पाठीच्या व्याधीने जर्जर झालेला, चाकाच्या खुर्चीतून आणावा लागलेला एक वृद्ध. ज्यांना त्यांच्यापासून धोका वाटत होता त्यांनी त्या खुर्चीकडे पाहून काय मनात आणले असेल ते असो. पण ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केलेला, हरित वसईच्या चळवळीत बलाढ्यांशी वैर पत्करून रस्त्यावर उतरलेला, बायबलचे ‘सुबोध बायबल’ या नावाने मराठी रूप सिद्ध करून २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळविलेला हा पुरुष देहाच्या पराधीनतेतही आपल्या पदाचे काम करण्यास कचरला नाही, ही गोष्ट मला त्या संमेलनातील सर्व ठरावांहून लक्षणीय वाटली. वयाची ऐंशी उलटल्यावर, दीर्घ आजारानंतर, २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले.

खुर्चीत बसून पद सांभाळावे की उठता येईनासे झाले म्हणजे पद सोडावे, हा विवाद त्यांच्या चर्चमध्ये फार जुना आहे. प्राचीन काळापासून वेदीपुढे उभा राहणारा पुरोहित देहाने अव्यंग असावा असा दंडक होता. आपल्याकडील श्राद्धाच्या ब्राह्मणाविषयीचे धर्मशास्त्रातील नियम आठवले म्हणजे याचे नवल वाटू नये. १९१७ सालच्या कॅथलिक कायदेसंहितेतसुद्धा ज्याला शरीरदोषामुळे वेदीची सेवा निर्धोकपणे किंवा शोभेल अशा रीतीने करता येणार नाही, त्याला दीक्षेस अपात्र ठरविणारे कलम होते. विशेषतः अंगठा आणि तर्जनी यांचे महत्त्व मोठे, कारण अभिमंत्रित भाकर त्याच दोन बोटांनी धरावयाची. सतराव्या शतकात इझाक जोग नावाचा जेझुइट संघाचा फ्रेंच धर्मगुरू उत्तर अमेरिकेतील इरोक्वाय लोकांच्या कैदेत सापडला व तेथे त्याची बोटे छिन्नविच्छिन्न झाली; सुटका होऊन तो युरोपास परतला तेव्हा अशा हातांनी मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, अर्पण करता यावी म्हणून पोप आठवे अर्बन यांची खास परवानगी काढावी लागली. म्हणजे ज्या हातांनी धर्मासाठी यातना सोसल्या, त्या हातांनाच धर्मकृत्यासाठी दरखास्त करावी लागली! १९८३ च्या नव्या संहितेने शरीरदोषाचे ते कलम गाळले आणि ९३०व्या कलमात असे लिहिले की, आजारी वा वृद्ध धर्मगुरूस उभे राहवत नसेल तर त्याने बसून मिस्सा करावी; अंध असेल त्याने कोणताही संमत पाठ म्हणावा आणि गरज पडल्यास दुसऱ्या धर्मगुरूची किंवा जाणत्या प्रापंचिकाचीही मदत घ्यावी. मात्र लोकांसमोर बसून मिस्सा करावयाची तर स्थानिक धर्माधिकाऱ्याची अनुज्ञा हवी, अशी एक मेख त्याच कलमात मारून ठेवली आहे. कायदा व्हॅटिकनचा असो की मामलेदार कचेरीचा, सवलत देताना हात थोडा आखडता घेण्याची कारकुनी वृत्ती सर्वत्र एकच.

बाहेरून शांत दिसणारा वृद्ध धर्मगुरूचा दिनक्रम देहाला किती राबवितो याची कल्पना दुरून येत नाही. पहाटे उठावयाचे, प्रार्थनाग्रंथातील नेमलेले पाठ दिवसातून अनेक वेळा म्हणावयाचे, आणि मिस्सेत तर गुडघा टेकणे, दोन्ही बाहू पसरणे, भाकर आणि चषक मस्तकाच्या वर उचलणे, पायऱ्या चढणे-उतरणे हे सारे ठरलेल्या क्रमाने करावयाचे. गुडघ्यांची झीज झालेल्या माणसाला टेकलेला गुडघा पुन्हा उचलताना वेदीच्या कडेचा आधार घ्यावा लागतो; कंपवात जडलेल्या हाताला काठोकाठ भरलेला चषक हे मोठे संकट, म्हणून तो मुद्दाम कमी भरतात आणि दोन्ही हातांनी उचलतात. मोतीबिंदूवर मोठ्या अक्षरांचे पुस्तक हा उपाय चालतो. बहिरेपणावर मात्र उपाय कठीण, कारण पापनिवेदनाचा संस्कारच मुळी कुजबुजीवर आधारलेला. ऐकू न येणाऱ्या फादरांपुढे स्वतःचे पाप मोठ्याने सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे भल्याभल्यांचा अनुताप डळमळतो, आणि रांगेतील पुढची माणसे सभ्यपणे चार पावले मागे सरतात.

सर्वांत कठीण होता उपवास. मध्यरात्रीनंतर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, अशा स्थितीत सकाळची मिस्सा करावी हा शतकानुशतकांचा नियम होता. १९५३ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ मध्ये उपवासाची मर्यादा तीन तासांवर आणली आणि १९६४ मध्ये सहाव्या पॉल यांनी ती एका तासाची केली. या तारखा धर्मशास्त्राच्या अभ्यासकास किरकोळ वाटतील, परंतु ज्याला मधुमेह आहे आणि सकाळची सुई टोचून घेऊन वेळेवर चार घास पोटात घातले नाहीत तर वेदीपुढेच भोवळ येण्याची धास्ती आहे, त्याच्या दृष्टीने त्या शतकातील हीच खरी धर्मसुधारणा. आजच्या संहितेत तर वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे अशा तिघांनाही त्या एका तासाचे बंधन नाही. यातला तिसरा उल्लेख मला फार आवडतो. रात्रभर उशाशी बसणाऱ्यालाही भूक लागते, ही जाण हजारो नियमांच्या त्या ग्रंथात कोणीतरी शाबूत ठेवली.

आता निवृत्तीकडे वळू. पंचाहत्तरी भरली की गावच्या धर्मगुरूने आपला राजीनामा बिशपकडे सादर करावा असा संकेत आहे. तो केव्हा मंजूर करावयाचा हे बिशप ठरवितो. मंजूर झाला की देवळाचा जमाखर्च, शाळेचे तंटे, बांधकामाची देणी, बाप्तिस्म्याची, विवाहाची व मृत्यूची दप्तरे, हे सर्व दुसऱ्याच्या हवाली होते. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार मात्र अखेरपर्यंत त्याचाच राहतो. सरकारी नोकराचे नेमके उलटे आहे, त्याचे कामच काढून घेतात. मुंबईच्या धर्मप्रांताने वांद्र्यास वृद्ध धर्मगुरूंसाठी निवासगृह ठेवले आहे. जेझुइट संघाची रीत याहून विलक्षण. तो संघ दरसाल आपल्या सभासदांची यादी छापतो व प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्याकडे सोपविलेले काम लिहितो, कोणी प्राचार्य, कोणी खजिनदार. आणि जो अंथरुणाला खिळला आहे त्याच्या नावापुढे ‘चर्चसाठी व संघासाठी प्रार्थना करतो’ अशी लॅटिन नोंद असते. निवृत्त नव्हे, रजेवर नव्हे, आजारी असेही नव्हे. त्याला काम आहे.

या नोंदीशेजारी मी आमच्याकडील एक कागद ठेवून पाहतो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्या महिन्यात बँकेच्या पायऱ्यांवर काठ्या टेकीत, नातवाच्या खांद्याचा आधार घेत म्हातारी माणसे जमतात. २०१४ पासून अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटवून हे काम होऊ लागले. परंतु जन्मभर खडू, खुरपे किंवा टिकाव धरलेल्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसट झालेल्या असतात, आणि मग अंगठा पुसून, ओला करून, पुन्हा दाबून यंत्राची मनधरणी चालते. जो समोर उभा आहे तो जिवंत आहे हे सर्वांना दिसत असते. फक्त यंत्राला पटत नसते. त्या दाखल्याची उपयुक्तता मला मान्य आहे, सरकारी तिजोरीला तो हवाच. पण तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला आपली संस्था वर्षातून एकदा जो एकच प्रश्न विचारते तो ‘आहात ना?’ एवढाच असावा, आणि त्या दुसऱ्या यादीत अंथरुणावरच्या माणसालाही ‘आपण काय करता?’ याचे उत्तर लिहून मिळावे, हा भेद नुसत्या कागदाचा नाही.

यावर आक्षेप असा येईल की, जेझुइट यादीतली ती नोंद हा एक सुंदर शब्दालंकार झाला, तिने पाठीची कळ थांबत नाही. हे खरे आहे, आणि त्याचा कठोर दाखला महाराष्ट्रातच घडला. रांचीचे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली, तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी होते आणि कंपवाताने त्यांना पेला ओठांपर्यंत नेता येत नव्हता. त्यांच्यावरील आरोपांची चर्चा येथे अप्रस्तुत. तळोजाच्या तुरुंगात त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मागितला, तर त्यावर अर्ज, उत्तरासाठी मुदत, ‘आम्ही तो जप्त केलेलाच नाही’ असे तपास यंत्रणेचे निवेदन, पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, असा क्रम चालला. त्या काळात त्यांना भरविले आणि स्नान घातले ते सहबंद्यांनी. मे २०२१ मध्ये तुरुंगातूनच दूरदृश्य यंत्रणेद्वारे उच्च न्यायालयापुढे त्यांनी सांगितले की, येथे आणले तेव्हा आपण स्वतः जेवत, चालत, स्नान करीत, थोडे लिहीतही होतो, आणि हे सारे एकेक करून हातचे गेले आहे. रुग्णालयात नको, आपल्या माणसांत जाऊ द्यावे. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा निकाल लागण्यापूर्वी, तेथेच त्यांचा अंत झाला. ज्यांना ते आपली माणसे म्हणत होते त्यांत रक्ताचे नाते सांगणारा कोणी अभिप्रेत नव्हता, हे रावेरच्या चौकशीखोर मंडळींनी ध्यानात घेण्यासारखे आहे; ‘पाहील कोण?’ याचे त्यांच्याजवळ उत्तर होते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नाही इतकेच.

तेव्हा नोंद आणि शुश्रूषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मी कबूल करतो. तरीही पहिलीशिवाय दुसरी फार लवकर कंटाळते असे मला वाटते, कारण ज्याला काहीच काम उरलेले नाही अशा माणसाचे पाय चेपताना पोटच्या पोरालाही आपण अडगळ सांभाळत आहोत असा भास होऊ लागतो. आमच्या तालुक्यातल्या सप्ताहात एक पद्धत मी पाहत आलो आहे: ज्या कीर्तनकाराचा गळा गेला, ज्याला टाळ धरून उभे राहवत नाही, त्यालाही बोलावतात, भिंतीशी लोड देऊन बसवितात, आणि काल्याच्या दिवशी नवा बुवा फडात उभा राहण्याआधी त्याच्या पाया पडतो. बिदागी दोघांना मिळते. जन्मभर केळीच्या बागा उभ्या केलेल्या शेतकऱ्यासाठी आणि चाळीस वर्षे बाराखडी शिकविलेल्या मास्तरांसाठी असा लोड अजून कोणत्याही गावाने मांडलेला नाही, आणि तो मांडण्यास ग्रामपंचायतीच्या ठरावाची किंवा बिशपच्या अनुज्ञेची आवश्यकता आहे असेही नाही.