कुऱ्हाडीचा दांडा

आमच्या सायखेड्याच्या शाखेत काउंटरवरून नुसतं आडनाव पुकारायची सोय नाही. एका हाकेला सात टोप्या उठतात आणि सातही जणांना कांद्याचेच पैसे काढायचे असतात!

पण स्वतःच्या आडनावाची गोष्ट निराळी. माझ्या आडनावाच्या शेवटी ‘नीस’ आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कोटनीस अशी आमची पंगत. ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा, थोडक्यात, कारकून. तरी मी पाहुण्यांना ऐकवायचो, “आमच्यातले डॉक्टर कोटनीस ठाऊक आहेत ना? व्ही. शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला, ते!” ‘आमच्यातले’ जरा दाबून म्हणायचो. वास्तविक आमचं नातं ‘नीस’पुरतंच.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटनीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून, जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेले. तिथे त्यांचं नाव झालं ‘के दिहुआ’. चिन्यांची रीत आमच्या मस्टरसारखी : आडनाव आधी, नाव मागून. ‘हुआ’ म्हणजे चीन; ते पाचही डॉक्टरांनी आपल्या नावाला जोडून घेतलं. ‘के’ हे तिथलं जुनं आडनाव. २०१७ साली ‘गो’च्या पटावर संगणकाशी तिन्ही डाव हरलेला के जिए त्याच आडनावाचा. तैपेईचे २०१४ ते २०२२ या काळातले महापौर को वेन-जे यांचंही अक्षर तेच, रोमन स्पेलिंग तेवढं निराळं. आणि तेही मूळचे सर्जन! कोटनीसांचं दोघांशी नातं काडीचं नाही.

आणि ‘के’चा अर्थ? कुऱ्हाडीचा दांडा! आपल्याकडे तो गोतास काळ. हा दांडा मात्र गोताबाहेरच्यांच्या कामी आला. आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तिथलीच कुओ छिंगलान ही परिचारिका बायको केली, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. पोर काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी ते तिथेच गेले. वय बत्तीस.

हे सगळं मला पाठ होतं. एके दिवशी गोदावरीच्या पुलापलीकडून एक आजी आल्या. वेळ संपून चार मिनिटं झाली होती. “नातवाच्या दवाखान्याला पैसं हवं, भाऊ.” मी घड्याळाकडे बोट दाखवलं. “उद्या या.”

संध्याकाळी पाहुण्यांपुढे ‘आमच्यातले डॉक्टर...’ म्हणालो आणि वाक्य घशातच अडकलं. दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक स्वतःच्या पासबुकात उतरवणाऱ्याला बँक घरी बसवते. आडनावाच्या बाबतीत मात्र आपण सगळे बिनदिक्कत तेच करतो. बरं, जमा तेवढी आपली म्हणायची आणि नावे पडलेलं कुणाचं?

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. त्यांचे पैसे पहिले दिले. नातू कसा आहे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

हल्ली कोटनीसांची गोष्ट सांगतो, पण ‘आमच्यातले’ म्हणत नाही. तो हक्क त्यांना ‘के’ म्हणून घरात घेणाऱ्यांचा. आणि वेळ संपली की चार-पाच मिनिटं घड्याळाकडे पाठ करून बसतो. मॅनेजरसाहेबांना वाटतं, माझी मान धरली आहे.