तिजोरीतले पत्र

लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीच्या कानात घरातली एखादी वडीलधारी बाई हळूच सांगते, झाकली मूठ सव्वा लाखाची. माहेरचे दुखणे, पूर्वी मोडलेली सोयरीक, भावाचे कर्ज, यांतले काही तिकडे बोलू नकोस. हा सल्ला मायेपोटीच दिलेला असतो आणि तो सरसकट चुकीचा आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ही मूठ झाकलेलीच राहिली तर घराचे काय होते आणि ती उघडली तर काय होते, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळीत होता. फ्रान्स्वा मोरियाक या फ्रेंच कॅथलिक लेखकाची १९३२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी पुन्हा हाती घेतली आणि तो अधिकच टोचू लागला. तिच्या नावाचा अर्थ मराठीत 'सापांचा गुंता' असा सांगता येईल.

बोर्दो शहराजवळ द्राक्षमळ्यांत कालेझ नावाची एक वाडी आहे. तिथे लुई हा अडुसष्ट वर्षांचा, नामांकित पण कमालीचा कंजूष वकील हृदयविकाराने जर्जर होऊन पडला आहे. बायको इझा, मुले, जावई, नातवंडे घरात वावरत आहेत आणि त्याच्या मरणाची वाट पाहत आहेत. हा म्हातारा बायकोला एक लांबलचक पत्र लिहीत आहे. आपल्यामागे तिजोरी उघडली जाईल, तेव्हा रोख्यांच्या गठ्ठ्यावर ते तिला सापडावे असा त्याचा बेत आहे. ज्या बाईशी तो एका छपराखाली राहतो तिला हे तोंडाने का सांगता येत नाही, यातच सारी कथा आहे.

इझाचे दोन भाऊ तरुणपणीच क्षयाने गेले होते. त्या भीतीने रोदोल्फ नावाच्या तरुणाशी जमत आलेले तिचे लग्न मोडले आणि मग शेतकऱ्याच्या कुळातला, पण पैसेवाला लुई त्या खानदानी घराला चालला. (घरात क्षय आहे हे कळले की स्थळ परत जाते, ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको.) लग्नानंतर एका रात्री अंधारात इझा रडू लागली आणि रोदोल्फची हकीगत तिने नवऱ्याला सांगून टाकली. तिचे मन हलके झाले. त्याने मात्र त्यातून एकच अर्थ काढला, हिने माझ्यावर कधी प्रेम केलेच नाही. त्या रात्रीपासून त्या घरात जे मौन सुरू झाले ते चाळीस वर्षे टिकले.

तिने सांगायलाच नको होते, असे कुणीही म्हणेल. आम्हीही पहिल्या वाचनात तसेच म्हटले होते. आता तसे वाटत नाही. न्यायालयात साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने घरात एकही प्रश्न विचारला नाही. एका अर्धवट वाक्यावर त्याने निकाल दिला आणि आरोपीला तो निकाल ऐकवलाही नाही. इझाही निर्दोष नाही. आपले ओझे उतरवताना ते कुणाच्या छातीवर ठेवीत आहोत, हे तिने पाहिले नाही. पुढे ती मुलांमध्ये आणि प्रार्थनेमध्ये गढून गेली, आणि तो शुभ शुक्रवारी सगळ्यांसमोर मांस खाऊन तिच्या धर्माचा सूड घेत राहिला. घर मोठे धार्मिक होते. या म्हाताऱ्यालाही आत्मा आहे, एवढेच त्या घरात कुणाला सुचले नाही.

येथे आम्हांला आपल्या घरांकडे वळावे लागते. आपण पापनिवेदनाला जातो, फादरांसमोर गुडघे टेकतो, आणि तिथले शब्द तिथेच राहतात याची आपल्याला खात्री असते. ही मोठी कृपा आहे. पण कित्येकदा त्या कृपेचा उपयोग आपण घरातले बोलणे टाळण्यासाठी करतो, अशी आम्हांला शंका येते. देवाशी हिशेब मिटला, आता भावाशी बोलायची काय गरज? अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे प्रभू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. त्या मधल्या फेरीसाठी मिस्सानंतर किती जण वाट वाकडी करतात?

म्हणजे सगळेच सांगून टाकावे काय? नाही. जे गुपित दुसऱ्याचे आहे, बहिणीचे, मरून गेलेल्या आईचे, ते सांगून आपण मोकळे होणे ही एक प्रकारची चोरीच होय. पण जे झाकल्याने जिवंत माणसाचा हक्क बुडतो ते झाकण्याचा अधिकारही कुणाला नाही. लुईला विवाहबाह्य संबंधातून झालेला रोबेर नावाचा मुलगा पॅरिसला आहे. इतकी वर्षे बापाने त्याला लपवले, आणि आता घरच्यांवर सूड म्हणून सगळी दौलत त्याच्या नावे करायला निघाला आहे. इकडे मुलगा आणि जावई त्याच रोबेरला गुपचूप फितवतात. त्यांची गाठ पडते ती एका जुन्या चर्चमध्ये! अशा घरांच्या कथा कॅथलिक लेखकाने कशाला लिहाव्यात, असे विचारणारे तेव्हाही होते. मोरियाक लिहीत राहिले आणि १९५२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कादंबरीतला एक प्रसंग आम्हांला विसरता येत नाही. म्हातारपणी एकदा इझा नवऱ्याला सहज सांगून जाते, की मुले आजारी असतानाही रात्री ती त्यांना आपल्या खोलीत ठेवीत नसे. तू येशील अशी तिला आशा असे. दाराच्या दोन बाजूंना दोन माणसे इतकी वर्षे वाट पाहत होती आणि कडी कुणी लावलेलीच नव्हती. तो पॅरिसला असताना ती मरण पावते. ज्याच्यासाठी पत्र लिहिले ते माणूसच उरत नाही. पुढे तिच्या खोलीत अर्धवट जळालेल्या कागदांचे तुकडे त्याच्या हाती येतात आणि त्याला कळते, की ज्या बाईला आपण थंड समजलो तीही आपल्यासाठी मत्सराने पोळत होती.

मग त्याची मूठ सुटते. ज्या पैशासाठी तो जगला ते तो मुलांना देऊन टाकतो, रोबेरसाठीही काही तरतूद करतो. नवऱ्याने टाकलेली नात जानिन त्याच्याजवळ राहायला येते. तो गावच्या धर्मगुरूंना भेटतो; नाताळाला ख्रिस्तप्रसाद घ्यायचे ठरते, पण मरण आधी येते आणि वहीतले शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटते.

वही मुलाच्या, ह्युबेरच्या, हाती पडते. बापाचे हृदय पालटले होते हे त्याला पटत नाही. ती परक्यांच्या नजरेस पडू नये, याची त्याला चिंता. कादंबरीच्या शेवटी आहे ते जानिनचे पत्र. आजोबांचे अखेरचे दिवस तिने जवळून पाहिले आहेत, आणि ती वही मला वाचायला द्या, अशी ती मामाला विनंती करते आहे. ह्युबेरचे उत्तर मोरियाक यांनी दिलेले नाही.