जागा धरणारे जिवाणू

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रसूतिगृहांवर एका जिवाणूची दहशत होती. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा हा वाण ‘८०/८१’ या क्रमांकाने ओळखला जाई आणि पेनिसिलिनला जुमानत नसे. नवजात बाळांच्या अंगावर पुळ्या, आयांच्या स्तनांत गळू, आणि कधी थेट रक्तात शिरकाव. न्यू यॉर्कच्या एका प्रसूतिगृहात हेन्री शाइनफील्ड आणि त्यांचे सहकारी त्याचा माग काढत होते. तिथल्या एका परिचारिकेच्या नाकात तो होता. तिने जन्माच्या पहिल्याच दिवशी हाताळलेल्या बाळांना तो लागत होता. पण ज्यांच्या अंगावर एव्हाना दुसऱ्या एखाद्या स्टॅफिलोकॉकसने वस्ती केली होती, त्या बाळांच्या वाटेला तो सहसा जात नव्हता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार होता.

मग त्यांनी जे केलं ते आजही धाडसाचं वाटतं. ‘५०२ए’ नावाचा सौम्य वाण निवडून त्यांनी तो मुद्दाम बाळांच्या नाकात आणि बेंबीवर लावला. ओहायो, जॉर्जिया आणि लुइझियाना इथल्या रुग्णालयांतल्या साथींशी ते असे लढले आणि १९६३ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. जंतूंशी लढायला जंतूच उतरवण्याची कल्पना आता निव्वळ कल्पना राहिली नव्हती.

पुढे काही बाळांना या ५०२एमुळेच पुळ्या झाल्या. १९७२ साली, त्यानेच रक्तात शिरकाव करून एका बाळाचा जीव घेतल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तोवर नवी प्रतिजैविकंही आली होती. प्रयोग मागे पडला.

हा मृत्यू झाकून या विषयावर उत्साहाने बोलता येणार नाही. निरुपद्रवी कोणासाठी, कुठल्या अवयवात, कुठल्या वयात, हे विचारल्याशिवाय जिवाणूंच्या अशा औषधांकडे वळूच नये, असं माझं मत आहे. आणि हे विचारून, तपासून झाल्यावर मात्र वळायला कचरू नये.

न विचारण्याची किंमत नेदरलँड्समध्ये मोजली गेली. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून नळीवाटे प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक मानले जाणारे जिवंत जिवाणू, दिलं गेलं. २००८ साली हाती आलेले आकडे धक्कादायक होते. प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, न मिळालेल्यांपैकी ६ टक्के. धडधाकट माणसाच्या पोटात गुण्यागोविंदाने राहणारे जिवाणू या आजारी आतड्यांना सोसले नाहीत. दुकानातल्या डब्यांवर सगळ्या प्रोबायोटिकांना एकच ‘चांगले जिवाणू’ असं लेबल लागतं, ते मला म्हणूनच खटकतं. घरचं दही उत्तम अन्न आहे, जरूर खावं. पण औषध म्हणायचं तर नेमका वाण, नेमकी मात्रा आणि नेमका रुग्ण ठरवावा लागतो.

हे सगळं नेटाने ठरवलं की काय हाती लागतं, ते थायलंडमध्ये दिसलं. खेड्यांतल्या २०० निरोगी माणसांची तपासणी करताना संशोधकांना आढळलं, की ज्यांच्या आतड्यांत बॅसिलस आहे, त्यांच्या आतड्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नाही, आणि नाकातही नाही. २०१८ साली त्यांनी त्याचं कारणही मांडलं. स्टॅफिलोकॉकस एकमेकांना रासायनिक संदेश पाठवतात, आणि बॅसिलसने तयार केलेला फेंगायसिन नावाचा पदार्थ तो संदेश पोहोचूच देत नाही. इथे शत्रूला मारलेलंच नाही, त्यांचं आपसांतलं बोलणं बंद पाडलं आहे. २०२३ साली माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले. महिनाभर बॅसिलस सबटिलिस घेतलेल्यांच्या विष्ठेतले हे स्टॅफिलोकॉकस ९६ टक्क्यांहून अधिक घटले होते. प्रतिजैविक सरसकट सगळ्यांवर चालून जातं. इथे बाकीच्या वस्तीला धक्का लागला नाही.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती ओडिशातली चाचणी. खेड्यातल्या नवजात बाळांचा जंतुदोष म्हटलं की आपल्याला गडचिरोली आठवते. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी जाणारी आरोग्यदूत तयार केली. ती जंतुदोष ओळखून घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन देई. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली होती. ओडिशात डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी त्याच्याही एक पाऊल आधीचा प्रश्न विचारला. जंतुदोष होऊच नये म्हणून काय करता येईल? ४,५५६ बाळं, लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा निवडून काढलेला एक वाण, त्याच्यासोबत त्यालाच खाद्य म्हणून एक शर्करा, आणि हे औषध जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत फक्त आठवडाभर. ६० दिवसांच्या पाहणीत, औषध न मिळालेल्या बाळांपैकी ९ टक्के जंतुदोषाला किंवा मृत्यूला सामोरी गेली, औषध मिळालेल्यांपैकी ५.४ टक्के. श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. २०१७ साली हे ‘नेचर’मध्ये आलं. एका बाळाच्या औषधाचा खर्च तेव्हा एका डॉलरच्या आसपास होता.

एवढ्या स्वस्त औषधामागे धावावं असं कुठल्या मोठ्या कंपनीला वाटेल? म्हणून हे काम सरकारने आणि सार्वजनिक संशोधनसंस्थांनी अंगावर घ्यायला हवं. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आपल्या अतिदक्षता विभागांत मुक्कामाला आलेले असताना तर उशीर परवडणारा नाही.

तरीही घाई कुठे करायची नाही, हेही ओडिशानेच सांगितलं आहे. तिथली बाळं किमान २,००० ग्रॅम वजनाची, जवळपास पूर्ण दिवसांची, आईच्या दुधावरची होती. जंतुदोष सर्वाधिक गाठतो तो त्याहून हलक्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना. इंग्लंडमध्ये अशा बाळांना दुसरा एक वाण, बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह, देऊन पाहिला, तर २०१६ साली निष्कर्ष निघाला की काहीच उपयोग झाला नाही. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल डॉक्टरांना जाहीर इशारा दिला, कारण त्यातल्याच जिवाणूने एका बाळाचा जीव गेला होता. दीड किलोच्या बाळाला ओडिशाचा वाण चालेल का, हे त्या दीड किलोच्या बाळांच्याच चाचणीतून, त्यांच्या आयांच्या संमतीने आणि डोळ्यांत तेल घालून ठेवलेल्या देखरेखीखाली, शोधावं लागेल.