ओटा कोणाचा?

हैदराबादच्या गौलीगुड्यात जुन्या बस स्टँडजवळच्या गल्लीत एक मराठी व्यापारी राहत होता. दुकान उस्मानगंजात. निजामाबादची हळद घ्यायची, निवडायची, पोती भरून दूरदेशी धाडायची, हा त्याच्या आजोबांपासूनचा धंदा. आजोबा नव्वदीला टेकले होते. दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून असत.

एका पावसाळ्यात व्यापाऱ्याने हळकुंडांचा कंटेनर दुबईला पाठवला. तिकडे दार उघडलं, तर पोत्यांना बुरशी. गिऱ्हाईक म्हणाला, "माल ओलाच भरला." व्यापारी म्हणाला, "माल खडखडीत होता, तुमच्याकडे भिजला." पैसे अडकले.

करारात एक ओळ होती: वाद झाल्यास भारतात लवादाकडे जावं. लवाद कोणी नेमायचा, याचा पत्ता नव्हता. याने सुचवलेलं नाव त्याला नको, त्याने सुचवलेलं याला नको. आठ महिने पत्रं गेली, पत्रं आली. वकील म्हणाले, "एक पक्ष परदेशी आहे. नुसता लवाद नेमून घ्यायलाही दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जावं लागेल."

संध्याकाळी त्याने हे आजोबांच्या कानावर घातलं. आजोबा म्हणाले, "मला पंच म्हणून बोलवायचे, तेव्हा मी आधी एकच विचारायचो. ओटा कोणाचा?"

"म्हणजे?"

"याच्या दुकानात बसलो, की त्याला वाटायचं, चहा याचा, निवाडाही याचाच. म्हणून राममंदिराच्या ओट्यावर बसायचो. दोघांकडून आधी राजीनामा लिहून घ्यायचो."

"राजीनामा?"

"नोकरी सोडायचा नव्हे रे. पंच सांगतील ते राजीखुशीने मान्य, असा कागद. मराठेशाहीतली रीत ती. कागद पुजाऱ्याकडे राहायचा. पुजारी निवाड्यात पडत नसे. तो दिवा लावायचा, कागद जपायचा, बैठकीची वेळ चुकू द्यायचा नाही."

सकाळी व्यापाऱ्याने दुबईला लिहिलं, "दोघांचाही नसलेला ओटा शोधू." शहराच्या दुसऱ्या टोकाला, नानकरामगुड्यात, 18 डिसेंबर 2021 रोजी आंतरराष्ट्रीय लवाद आणि मध्यस्थी केंद्राचं उद्घाटन झालं होतं. व्यापाऱ्याने त्या केंद्राचं नाव सुचवलं. "ते तर तुमच्याच गावात!" गिऱ्हाईक म्हणाला. व्यापाऱ्याने केंद्राचे नियम पाठवले. लवाद तिसऱ्या देशाचा असू दे, बैठका पडद्यावर होऊ देत, असंही लिहिलं. चार दिवसांनी होकार आला.

केंद्राने लवाद नेमला, फी दोघांकडून आधीच जमा करून घेतली, तारखा दिल्या, कागद सांभाळले. मग विचारलं, आधी मध्यस्थापुढे बसून बघता का?

मध्यस्थ बाई होत्या. त्या याच्याशी एकट्याशी बोलल्या, मग त्याच्याशी. एकाचं बोलणं त्याने हो म्हटल्याशिवाय दुसऱ्याच्या कानी गेलं नाही. तिसऱ्या बैठकीत व्यापारी हळूच म्हणाला, "भरताना झड लागली होती. घाईत सगळी पोती झाकली नाहीत." त्याच दिवशी गिऱ्हाईकही म्हणाला, "गोदामात जागा नव्हती. कंटेनर बारा दिवस बंदरावर राहिला." आठ महिन्यांच्या पत्रांत ही दोन वाक्यं कुठेच नव्हती.

नुकसान दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं. लवादाने ती तडजोड निवाडा म्हणून लिहिली. 1996 च्या लवाद कायद्यात तशी सोय आहे. असे निवाडे एकमेकांच्या देशांत मानायचे, हा न्यूयॉर्क करार 1958 चा. भारत त्यात पूर्वीपासून आहे, संयुक्त अरब अमिराती 2006 पासून. म्हणून नानकरामगुड्यातल्या त्या कागदाला दुबईतही वजन आलं.

पंच शहाणा असून भागत नाही. तो बसणार कुठे, कागद कोणाजवळ राहणार, हे आधी ठरलेलं असलं, तरच भांडणारा माणूस मनातलं बोलतो.

पाऊस उघडल्यावर दुबईहून नवी मागणी आली. व्यापारी कराराचा मसुदा घेऊन दारात आला. लवादाच्या ओळीत आता केंद्राचं नाव होतं. आजोबांना दिसत नव्हतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, "पोती झाकायला ताडपत्री आणलीस का?"