बघितलंच नाही

गुरांच्या बाजारात एक जुनी रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण खरसुंडीला जा नाहीतर सांगोल्याला, सगळ्यांना ठाऊक असते. जे दिसतं ते घेणाऱ्यानं बघायचं. जनावर दोन दाती आहे, चार दाती आहे का जुळलेलं आहे, हे तोंड उघडून बघितलं नाही तर दोष घेणाऱ्याचा. शिंगं, खूर, खांद्यावरचा घट्टा, चाल, सगळं उघड्यावर असतं. खोड मात्र बाजारात दिसत नाही. बैल औताला बसतो, गाय पान्हा चोरते, हे ज्याच्या दावणीला जनावर होतं त्यालाच माहीत. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढं जुनी माणसं पाळायची. सगळीच पाळायची असं नाही. कास तुंबवून आणलेल्या गाई मी लहानपणापासून बघतोय. पण खोटं बोललेला माणूस पुढच्या बाजाराला ओळखू यायचा.

विचारलंच नाही तर सांगायचं का, यावर मात्र एकमत कधीच नव्हतं. आणि त्याच्याही मागं एक प्रश्न आहे, तो बैलाच्या बाबतीत फारसा पडत नाही. खोड आहे का नाही हे विकणाऱ्यानं मुद्दाम बघितलंच नाही तर? बैल रोज औताला जुंपावा लागतो, त्यामुळं मालकाला न कळून भागत नाही. मोटारीत ते जमतं. हा प्रश्न मला नीट कळला तो एका जुन्या ऑटोमॅटिक गाडीमुळं.

गाडी पुतण्याची. 2008 सालची, एक लाख तीस हजार किलोमीटर फिरलेली, त्यानं पुण्यातून जुनीच घेतलेली. पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून विकायला काढली. गिऱ्हाईकही घरी चालून आलं. शेजारच्या वाडीवरच्या शाळेतले गुरुजी. त्यांचा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला. क्लच दाबायची गाडी त्यांना चालवता येत नाही, आणि नव्या ऑटोमॅटिकची किंमत परवडत नाही. म्हणजे त्यांच्यापुढं फार निवड नव्हती.

गाडीची तक्रार अशी होती. सकाळी लोण्यासारखी चालायची. पंधरा-वीस किलोमीटर गेलं, अंगात ऊन भरलं, घाट लागला, की इंजिनाची रेस वाढायची आणि गाडी मात्र रेंगाळायची. घाटावर थांबून पुन्हा डी ला टाकली की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम दचका. पुतण्यानं गुरुजींना गाडी बघायला बोलावलं ते सकाळी आठ वाजता.

मी म्हणलं, आधी मिस्त्रीला दाखवू. तो म्हणाला, "तात्या, मिस्त्रीला दाखवू नका. दाखवलं की कळणार, कळलं की सांगावं लागणार. आत्ता त्यांनी विचारलं तर म्हणता येतंय, बाबा मला काय कल्पना नाही."

हे बोलणं मला बरेच दिवस पुरलं. त्यात लबाडी आहे हे लगेच कळत होतं, पण लबाडी नेमकी कुठं आहे हे दाखवायला गेलं की हातातून सुटायचं. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. नक्की काय बिघडलंय हे त्याला माहीत नव्हतं. आणि जे माहीत नाही ते न सांगणं म्हणजे खोटं कसं?

तालुक्याला कोर्टाच्या कामाला गेलो होतो तेव्हा ओळखीच्या वकिलाला विचारलं. त्यांनी 1872 च्या करार कायद्यातलं सतरावं कलम काढून वाचून दाखवलं. मला नवल वाटलं, कारण त्यात उदाहरणं आहेत ती घोड्याचीच. एकानं लिलावात घोडा विकला, घोडा सदोष आहे हे त्याला माहीत होतं, तो गप्प बसला. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची स्वतःचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर नातंच असं आहे की सांगणं त्याच्यावर येतं. आणि तिसरं उदाहरण असं, की घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणला नाहीत तर घोडा चांगलाच आहे असं मी धरतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. दोष झाकण्यासाठी काही करणं ही तर उघड फसवणूक, आणि त्यात कायदा नुसतं "माहीत होतं" एवढंच धरत नाही, "तसं वाटत होतं" हेही धरतो.

हे ऐकलं आणि गुरुजींचं वाक्य आठवलं. ते पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले होते, "तुमच्या घरची गाडी, त्यात मी काय बघायचं?" म्हणजे तिसऱ्या उदाहरणातला घोडाच आमच्या अंगणात उभा होता.

पण कायदा बाजूला ठेवला तरी पुतण्याच्या बोलण्यात एक भेग होतीच. काहीच माहीत नसतं तर त्यानं सकाळी आठची वेळ का निवडली? दुपारी दोनला का नाही बोलावलं? गाडी गार असताना चांगली चालते आणि गरम झाल्यावर चालत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. मिस्त्रीकडं न जाऊन तो अज्ञान राखत नव्हता, फक्त कळलेल्या गोष्टीला नाव द्यायचं टाळत होता. तपासू नका असं ज्याला म्हणावंसं वाटतं, त्याला तपासल्यावर काय निघेल याचा अंदाज आधीच असतो.

त्याची दुसरी बाजूही मात्र खरी होती, ती मी सोडून देणार नाही. तो म्हणाला, "गिअरबॉक्स गेलाय असं मी आपल्या तोंडानं म्हणलं तर गाडीची किंमत भंगाराची होईल. आणि उद्या कळलं, नुसतं तेल कमी होतं, तर?" बैल एक दिवस लंगडला म्हणून लंगडा बैल म्हणून गावभर सांगत सुटलं तर तोही अन्यायच. खुरात काटा असेल, काढला की सरळ चालेल. म्हणजे खरं सांगायचं असेल तर आधी बघावंच लागतं. न बघता गप्प राहणं जसं वाईट, तसं न बघता दोष सांगणंही. इथं मी अडून बसलो आणि आम्ही गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेलो.

ऑटोमॅटिक म्हणजे काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच असतो, तो आपण डाव्या पायानं धरतो-सोडतो. या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलानं भरलेला बंद भोपळा असतो आणि त्यात समोरासमोर दोन पंखे. टेबलावर दोन फॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा वाऱ्यानं फिरायला लागतो, तसंच. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. पुढं गिअर बदलतात तेही तेलाच्या दाबावर. आत पातळ चकत्यांच्या जुड्या असतात, दाब आला की आवळतात, गेला की सुटतात. तो दाब देणारा पंप इंजिनावर फिरतो. म्हणून ही गाडी ढकलून चालू होत नाही, आणि चालती चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढूनही नेऊ नये, आत तेल पोचत नाही. (हल्ली स्वस्त गाड्यांत येते ती ऑटोमॅटिक निराळी. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच मारायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं.)

मिस्त्री चांगला निघाला. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. गार असताना होतं का गरम असताना? पुढच्याच गिअरला होतं का रिव्हर्सलाही? किती सेकंद? याआधी कुणी तेल बदललं होतं का? आमच्या गावचा जुना वैद्य असाच होता, नाडी धरायच्या आधी काय खाल्लं ते विचारायचा. मिस्त्री म्हणाला, निम्म्या गाड्यांत गिअरबॉक्सचा दोषच नसतो. एकाची गाडी पार्कमधून निघतच नव्हती. त्याला दुसरीकडं मोठा खर्च सांगितला होता, आणि निघाला ब्रेकच्या पायाखालचा स्विच. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नव्हतं, म्हणून ती दांडा सोडत नव्हती. कधी इंजिनच एका सिलिंडरवर अडखळतं आणि माणसाला वाटतं गिअर थरथरतोय. कधी इंजिनाखालचं रबर फाटलेलं असतं, त्यानं दचका बसतो.

मग त्यानं गाडी गरम केली, सपाट जागी उभी केली, ब्रेक धरून दांडा एकेका खाचेत फिरवला आणि तेलाची पट्टी काढली. हे तेल नवं असताना लाल असतं. आमचं तपकिरी झालेलं, खालच्या खुणेच्याही खाली, वास किंचित जळका. मिस्त्री म्हणाला, "दुधाळ गुलाबी नाही, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरलेलं नाही. हे एक बरं झालं." दुसरं एक बोलला ते मी लक्षात ठेवलं. इंजिन थोडं तेल खातं, गिअरबॉक्स खात नाही. तेल कमी झालं असेल तर ते कुठून तरी गळतंय, नुसतं भरून उपयोग नाही. खाली जाऊन त्यानं कूलरकडं जाणाऱ्या पाइपाचा ओला सांधा दाखवला.

स्कॅनर लावला, त्यात एक कोड आला. मला वाटलं झालं, सापडलं. तो हसला. "तात्या, कोड म्हणजे पोराचं रडणं. रडतंय एवढं कळतं. पोट दुखतंय का कान, ते आपणच शोधायचं." मग खालची परात उतरवली. तळाच्या चुंबकावर राखाडी चिखल होता. तेवढा असतोच, म्हणाला. पण बाजूला काळे बारीक कण होते, ते बोटावर घेऊन त्यानं आम्हाला दाखवले. ती चकत्यांची झीज. धातूचे तुकडे मात्र नव्हते.

पाइपाचा सांधा, जाळी, नवं तेल, साडेसहा हजार झाले. मग दुपारच्या उन्हात आम्ही तिघं घाट चढून आलो. दचका गेला. डी ला टाकल्यावर लगेच ओढायला लागली. पण चढाला तिसऱ्या गिअरवर रेस अजून जरा सुटत होती. मिस्त्री म्हणाला, "आता यापुढचं खोलल्याशिवाय सांगता येत नाही. अशी दोन वर्षं जाईल, नाहीतर दोन महिन्यांत बसेल. खोललं तर पन्नास हजारांच्या खाली नाही." आणि जाता जाता सहज म्हणाला, एक औषध मिळतं, तेलात टाकलं की महिनाभर कळत नाही.

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोललो नाही. तोच म्हणाला, "नको."

त्या वेळी तो "नको" का म्हणाला हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. मला वाटतं, न बघणं त्याला जमत होतं, बघून झाकणं जमलं नाही. दोन्हीत गुरुजींचं नुकसान सारखंच झालं असतं. तरी करणाऱ्याला ते सारखं वाटत नाही, आणि बहुतेक माणसं याच फटीत राहतात. घर विकताना पावसाळ्यात दाखवत नाहीत. विहीर विकताना मे महिन्यात दाखवत नाहीत. खोटं कुणीच बोलत नाही, फक्त महिना निवडतात.

गुरुजींना काय सांगायचं हा प्रश्न नंतर फार सोपा झाला. आम्हाला निदान सांगायचं नव्हतंच, ते मिस्त्रीलाही पूर्ण माहीत नव्हतं. जे दिसलं तेवढं सांगायचं होतं. तेल कमी होतं, गळत होतं, बंद केलं. काळे कण निघाले. गरम झाल्यावर तिसऱ्याला चढावर सुटते. मिस्त्रीचा नंबर हा, पावती ही. आणि गाडी दुपारी दोनला बघा, घाटावर घेऊन जा. गुरुजी गेले, वर जाऊन आले, गाडी उभी करून बराच वेळ कठड्याला टेकून बसले. मग म्हणाले, "दुसरी मिळतीय कुठं मला? पण पैसे कमी करा."

एक लाख पंचेचाळीस सांगितले होते. एक लाख दहावर तुटलं. पस्तीस हजार आणि वर साडेसहा. फीचे पैसे भरायला पुतण्याला सोसायटीतून उचल घ्यावी लागली. हा खड्डा खरा आहे आणि तो त्याच्याच घरात पडला, माझ्या नाही. सत्यावर बोलणं मला सोपं होतं, कारण गाडी माझी नव्हती. हे त्यानं मला एकदा तोंडावर सांगितलंही.

त्यानं आणखी एक विचारलं होतं. "पुण्याच्या एजंटाला विकली असती तर तुम्ही असंच सांगायला लावलं असतं?" मी म्हणलं, एजंट पट्टी काढून बघतो, घाटावर नेतो, त्याचा धंदाच तो आहे. त्याला विचारल्यावर खरं सांगितलं असतं, न विचारता पाठ धरून सांगितलं नसतं. हे उत्तर मला स्वतःला पूर्ण पटलेलं नाही. एजंट पुढं ती कुणाला तरी विकणार, आणि तो कुणीतरी गुरुजींसारखाच डाव्या पायाचा असू शकतो. पण साखळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत माझी जबाबदारी पोचते असं म्हणलं, तर कांद्याचं पोतंसुद्धा विकता येणार नाही.

आठ महिने झाले. गाडी चालतीय. गुरुजी रोज शाळेला जातात, घाट चढायचा असला की सकाळी लवकर निघतात. परवा पुतण्या म्हणाला, "बघा तात्या, काय झालंय गाडीला? उगंच माझे पस्तीस हजार घालवले." मी म्हणलं, ती चालतीय हे तुला आज कळलं. त्या दिवशी काय माहीत होतं ते बोल. तो म्हणाला, "त्या दिवशी फी माहीत होती." आणि बैलाला पाणी दाखवायला उठला.