जुनेर: दान की सुटका?

दिवाळीची साफसफाई करताना सुती जुनेरांचा ढीग निघाला. "सेवेत देऊन टाकते," म्हटलं, तर सूनबाई म्हणाली, "आई, फाटकं देणं हे दान का?" लागलं, पण खरं होतं. नेसण्याजोगी साडी धुऊन, घडी करून दिली तर दान. चिंधी देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारी.

मग चिंधीचं काय? पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद केला, झाड न तोडता. मात्र त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं चालत नाही. देण्यातही 'सुटले एकदाची' हा भाव मिसळला की तसंच होतं.

यंदा बडोद्यात आमच्या घरी तीन ढीग आहेत: देण्याचा, गोधडीचा, कागदाचा. तुमच्याकडे?