बंद झालेले दार आणि वाढणारी श्रद्धा



देवाकडे केलेली एखादी मागणी अपुरी राहिली नाही, असे घर आपल्या धर्मग्रामात क्वचितच सापडेल. मुलीचे लग्न जुळावे म्हणून आपण नऊ बुधवार माहीमच्या नोव्हेनाला गेलो, मुलाच्या नोकरीसाठी बांद्र्याला मोतमाउलीपुढे मेणबत्ती लावली, आजारी आईच्या उशाशी बसून रोजरी म्हटली. तरीही स्थळाकडून नकार आला, व्हिसा मिळाला नाही, आई देवाघरी गेली. मग मनात येते, देवाने आपले ऐकलेच नाही का? काही जण हे बोलून दाखवतात. पुष्कळ जण बोलत नाहीत. ते मिस्साला शेवटच्या बाकावर बसू लागतात आणि हळूहळू यायचेच बंद होतात. म्हणून आज या प्रश्नावर आपण थोडे चिंतन करू या.

त्यासाठी आपल्याला दूर जायला नको. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. इ. स. १५५७ च्या सुमारास त्यांचा येथे जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे धर्मशिक्षणाच्या कामात मदत करता करता त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. जेज्वीट संघात आपल्याला प्रवेश मिळावा, ही त्यांची मोठी आस होती. ती पूर्ण झाली नाही.

घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या तरुणाच्या मनाला काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू शकतो. त्याने देवाकडे पैसा मागितला नव्हता, मान मागितला नव्हता. देवाची सेवाच मागितली होती, आणि तीच नाकारली गेली! पुढे गोन्सालो व्यापारात पडले. धंद्यात त्यांचा जमही बसला. पण मनातली हाक विझली नाही. फिलिपाइन्समध्ये मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला आणि एक साधे ब्रदर म्हणून व्रत घेतले.

इ. स. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे जायचे होते. त्यांना जपानी भाषा जाणणारा माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे ब्रदर गोन्सालो! ज्या वर्षांचे फळ त्यांना मिळाले नव्हते, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता देवाच्या कामी आली. क्योटो शहरात या फ्रान्सिस्कन बांधवांनी गोरगरिबांची आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली. बंद दाराशी घालवलेला काळ वाया गेला नव्हता.

आपल्या वाडवडिलांनी भातशेती केली आहे. राबातले रोप उपटून दुसरीकडे लावले की पहिले काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. ज्याला शेती ठाऊक नाही त्याला वाटेल, रोप मेले. शेतकरी मात्र घाबरत नाही. त्याला माहीत असते की ते नव्या चिखलात मूळ धरते आहे. राबातच राहिलेले रोप हिरवे दिसते, पण त्याला भरघोस लोंबी येत नाही.

तरीसुद्धा येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एक दार बंद झाले की देव त्याहून मोठे दार उघडतो आणि शेवटी सर्व काही मनासारखे होते, असा हिशेब आपण मांडू नये. श्रद्धा हा सौदा नव्हे. गोन्सालो यांची वाट शेवटी क्रुसाकडेच गेली. १५९६ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. कानाची पाळी कापून, कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्या २६ जणांत तीन जेज्वीटही होते. ज्या संघाने त्यांना घेतले नव्हते, त्याच संघाच्या बांधवांच्या सोबतीने गोन्सालो यांनी प्रभूसाठी प्राण दिला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

प्रत्यक्ष प्रभू येशूनेही गेथसेमनी बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली होती. तो टळला नाही. संत पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. म्हणजे ‘नाही’ हे उत्तर ऐकणारे आपण एकटेच नाही. सुरुवातीला आपली श्रद्धा विचारते, “देवा, तू मला काय देशील?” परीक्षेतून गेल्यावर ती विचारू लागते, “देवा, तू माझ्याबरोबर आहेस ना?” श्रद्धेची वाढ म्हणतात ती हीच.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. जी मागणी अपुरी राहिली, तिच्याबद्दलचे दुःख, रागसुद्धा, प्रार्थनेत देवापुढे मोकळेपणाने मांडू या. स्तोत्रकर्त्यांनीही तेच केले आहे. दुसरे, वाट पाहण्याच्या काळात हाती असलेले काम मन लावून करू या. त्याचा उपयोग देव कुठे करील, हे आपल्याला आज दिसत नाही. तिसरे, आपल्या आळीत ज्या घरावर दुःख कोसळले आहे, तेथे जाऊन थोडा वेळ बसू या. “देवाची इच्छा!” असे म्हणून घाईने उठू नये. आणि शेवटच्या बाकावरचा कोणी बरेच रविवार दिसला नसेल, तर त्याच्याही दारावर टकटक करू या. एखादे दार आपणही उघडू शकतो.

प्रभू येशू, आमची मागणी पुरी होवो अथवा न होवो, आमचा हात सोडू नकोस. आमच्या मातीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्यासारखी धीराची श्रद्धा आम्हांला दे. आमेन.